बाई पुढे काय म्हणते

नाशिक रोड स्टेशनवर मला सोडायला अर्धी कॉलनी आली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेला निघालेला मुलगा ही सार्वजनिक मालमत्ता असे. हार झाले, नारळ झाला, एका काकांचं भाषणही झालं. गाडी हलताना बाबा खिडकीशी आले. वाटलं, आता उपदेश. ते म्हणाले, "ते गाणं पूर्ण मिळतं का बघ तिकडे. बाई पुढे काय म्हणते, ते कळव."

बाई म्हणजे जुन्या काळातली एक कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका. सोल म्हणतात त्या संगीतातली. बाबा रेल्वेत गार्ड, नेमणूक मनमाडला. त्यांचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर मित्र कायमचा ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा त्याने तिची रेकॉर्ड कॅसेटवर भरून दिली होती. कॅसेट छोटी पडली. शेवटच्या गाण्यात बाई घर सोडून गेलेल्याला परत ये म्हणून विनवते, आणि ऐन भरात खट्! शेजारी सकाळी भक्तिगीतं लागत, आमच्याकडे ही.

"उठली का तुमची बाई?" पोहे परतताना आई विचारायची.

"तो परत येत असेल का गं?"

"यायचा असता तर तिला एवढं ओरडावं लागलं असतं का?"

शिकागोत मी या बाईवरचं एक व्याख्यान ऐकलं. वक्त्याने 'वेदना' हा शब्द इतक्यांदा वापरला, की वेदनाही कंटाळली असावी. मला तर तिच्या आवाजाने भूकच लागते. एकदा लॉन्ड्रीत तिचं गाणं लागलं आणि मी गुणगुणलो. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका काळ्या आजींनी विचारलं, कुठे शिकलास? आईच्या स्वयंपाकघरात, म्हटलं. "मीही तिथेच," त्या म्हणाल्या. त्या शहरात मला पहिल्यांदा कुणी पाहुणा समजलं नव्हतं.

लायब्ररीत सीडी मिळाली. गाणं पूर्ण ऐकलं. तो येत नाही. येत नाही असंही नाही. ती तेच म्हणत राहते आणि आवाज बारीक होत होत विरतो. दोन वर्षांत परततो म्हणून मी निघालो होतो. त्याच आठवड्यात मला तिथे कायमची नोकरी मिळाली होती आणि घरी सांगायचं राहिलं होतं. कॉलिंग कार्ड घासून फोन लावला.

"मग? येतो का?" बाबांनी विचारलं. माझ्याबद्दल त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.

गाण्यात होतं तसं सांगितलं. बाबा म्हणाले,

"म्हणजे बाई थांबली नाही रे. शेवटच्या डब्यातून मी हेच बघायचो. सोडायला आलेले हाका मारतच असतात. गाडी पुढे जाते, म्हणून ऐकू येत नाहीत."

मग मी नोकरीचं सांगितलं.

"घे," ते म्हणाले. मागून आई म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं." गाण्याबद्दल की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

त्याला काही वर्षं झाली. तुमच्यापैकी जे गेले, त्यांना हे ठाऊक असेल: घर कुठे म्हटलं की तोंडातून नाशिक निघतं आणि हात पत्ता इथला लिहितो. पूर्वी मी घर म्हणजे जागा समजत असे. आता दर रविवारी फोन लावतो, बाबा बोलतात. हल्ली त्यांचा आवाज बारीक येतो. लाइन उत्तम असते. मी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरतो.