पायाळू इवाई

माझ्या मुलीची सोयरीक ठरली तेव्हा मी पाहुण्यांसमोर जमिनीवर पालथा पडलेलो होतो.

तलमडुगूकडच्या आमच्या गावात माझं किराणा दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सकाळी दार उघडलं की वडिलांच्या काळातलं ते जाडजूड पितळी कुलूप मी प्यांटीच्या मागच्या खिशात टाकतो आणि रात्रीपर्यंत स्टुलावर बसतो. (उघड्या दाराचं कुलूप अंगावर ठेवायचं, ही वडिलांची शिकवण.) तर त्या आठवड्यात उजव्या कुल्ल्यातून एक कळ निघाली, ती मांडीमागून पोटरीत आणि पोटरीतून थेट अंगठ्यात! शिंकलं तरी डोळ्यांपुढे काजवे. आणि दुकान मिरचीपुडीचं, शिंकांना काय तोटा!

दुखण्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, एक मला सोडून.

"वात हाय. वांगे बंद करा."

"थंड्या फरशीवर झोपले असान!"

"कापसाचं गाठोडं उचललं असान, दुसरं काय!"

अहो, मी आयुष्यात वजनं उचलली ती फक्त तराजूतली!

"बाबा, आदिलाबादले डॉक्टरकडं चला नं," आमची वर्षा म्हणाली.

"रविवार होऊ दे, बाई."

कारण रविवारी नार्नूरहून वर्षाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. मागचं एक ठिकाण 'पोट्टी चष्मा लावते' एवढ्यावरून फिसकटलं होतं, तेव्हा पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. आता 'बापाची कंबर वाकडी हाय' एवढं कुणी ऐकलं की हेही गेलं! म्हणून मी ठरवलं, जीव गेला तरी हूं की चूं करायचं नाही.

"पायाळू मानसाची लाथ बसली का नस जागेवर येते," आमची सुमन, म्हणजे मंडळी, म्हणाली. (पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याची लाथ कंबरेला औषध, असं आमच्याकडे मानतात.) पण गावातली एकुलती एक पायाळू म्हातारी लेकीकडे गेलेली. हे कळल्यावर माझ्यापेक्षा सुमनचाच चेहरा जास्त पडला.

रविवार उजाडला. पाहुणे दुकानातूनच घरात आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील गंगारामजी. मी नवी प्यांट, बाहेर सोडलेला शर्ट अशा थाटात दाराची चौकट धरून हसत उभा. खाली गादी घातलेली.

"बसा नं, पाहुणे!"

"तुमी बसा आदी."

"नाई नाई, तुमी!"

"घरधनी उभा असताना आमी कसं बसनार बाप्पा?"

झालं! गंगारामजी रीतीचे पक्के. मी बसेना म्हणून ते बसेनात, ते बसेनात म्हणून त्यांची मंडळी बसेना. वर्षा पोहे घेऊन आली तर बस स्टँडवर लोक उभे राहावेत तसे सगळे ओळीने उभे! उभ्या उभ्याच पोहे सुरू झाले. मुलाच्या आईने सुमनला हळूच विचारलं, "तुमच्याकडं पाहुन्याले बसवत नाईत का?"

वर्षाने माझ्याकडे असं पाहिलं की माझं काळीज हललं. पोरीसाठी बसायचंच! डोळे मिटले, गुडघे वाकवले आणि...

"अगाई गंऽऽ!"

मी सरळ गंगारामजींच्या पायांवर आडवा!

"अवो, उठा! पोरीचे बाप झाले म्हनून पाया काऊन पडता?" ते बिचारे ओशाळून मला उचलायला लागले.

"पाया नाई पडून राह्यलो," मी जमिनीतून बोललो. "उठता येऊन नाई राह्यलं!"

मग काय लपवता! कळ कुठून निघते, कुठे जाते, सगळं सांगून टाकलं. संपलं, गेलं हेही ठिकाण, असं मला वाटलं. तेवढ्यात मुलाची आई ओरडली, "बाई वो! अन् आमचे हे पायाळू हाईत नं!"

सुमनच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"मारा भाऊजी!"

"छे छे! पोट्टी पाहाले आलो, अन् तिच्या बापाले लाथ मारू? लोक काय म्हनतीन?"

"परक्यानं मारली तं भांडन," मुलाच्या आईने निवाडा दिला. "सोयऱ्यानं मारली तं इलाज. सोयरीक करा आदी!"

मुलाला विचारलं, पसंत आहे? तो लाजून हो म्हणाला. वर्षाला विचारलं. "हो, पन लवकर करा, बाबा पडून हाईत!" दुकानातूनच साखर आणली. मी पालथा असतानाच माझ्या तोंडात चिमूट टाकली. गंगारामजी माझे इवाई झाले, म्हणजे शहरी भाषेत व्याही. इवायाने देवाचं नाव घेतलं, पाय मागे नेला आणि लाथ हाणली.

ठण्ण!

"मेलोऽऽ!" ही आरोळी माझी नव्हती. इवाई अंगठा धरून एका पायावर घरभर नाचत होता. लाथ नेमकी माझ्या खिशातल्या कुलपावर बसली होती!

दोघांनाही एकाच जीपमध्ये घालून आदिलाबादला नेलं. "कूर्चोंडी," डॉक्टर तेलुगूत म्हणाले, म्हणजे बसा. तेच तर जमत नव्हतं! मला तपासून ते म्हणाले, "कमरेतून पायात जाणारी नस दबली आहे. बहुतेकांची मणक्यातली गादी सरकते, काहींची चुकीचं वाकून वजन उचलल्यानं, काहींची वयानं मणका झिजून. तुम्ही मागच्या खिशात काय ठेवता?"

वर्षाने माझ्या खिशातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते हातात तोललं. "यावर रोज बसता?"

"वडिलांपासनं रीत हाय साहेब."

"वडिलांचीही कंबर दुखायची का?"

दुखायची! शेवटपर्यंत आम्ही त्यांचे वांगे बंद केले होते. मला हसावं की रडावं कळेना. "आणि लाथा बंद," डॉक्टरांनी बजावलं. "लाथेनं गादी सरकली असती तर आयुष्यभर पडून राहिला असता."

लग्न थाटात झालं. फोटोत मी उजवीकडे कललेलो, इवाई डावीकडे, मधे वर्षा हसून हसून बेजार. इवायाने मला आहेर केला तो एक लोखंडी खिळा. कुलूप आता दाराशी त्याच्यावर टांगलेलं असतं. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करतो, पाय पुष्कळ बरा आहे.

तरी मधूनच कळ येते. सणासुदीला इवाई आला की पहिलं विचारतो, "काय इवाई, कंबर कशी हाय?" मी दात आवळून हसतो आणि सांगतो, "एकदम झकास!"

कारण त्याचा अंगठा आता पुरता बरा झाला आहे, आणि माझ्या खिशात कुलूप नाही!