कोपराखाली एक वीत

मल्लेश्वरम मागं पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढं बैलगाडी, गाडीत गवताच्या भाऱ्यांना टेकवून कडेवर उभा केलेला काळा कडप्पा, आणि मागं चालत मी आणि हणमंतराव गवंडी. रस्त्यात खड्डा आला की हणमंतराव पुढं धावून दगडाला हात लावायचे. गाडी सपाटीला आली की पुन्हा माझ्या बाजूला यायचे, पण दोन पावलं अंतर राखून.

यशवंतपूर स्टेशनाजवळच्या दगडाच्या वखारीतून घरासाठी दगड निवडून आम्ही सकाळी निघालो होतो. मी बसनं परत यायचं ठरलं होतं, पण दोन बसगाड्या भरलेल्या होत्या, त्या थांबल्याच नाहीत. "मग चालते की गाडीमागं," असं मी म्हणून बसले. जयनगरपर्यंतची वाट केवढी लांब आहे, याचा मला अंदाज नव्हता. १९६१ साल होतं, माघ महिना.

"अक्का, दमलात काय?" हणमंतरावांनी विचारलं. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, तरी मला अक्काच म्हणत.

"मी नाही दमले. तुम्हीच बसा स्वल्प गाडीवर."

"मी दगडाबरोबर चालतो. तो दमला की मी दमेन."

बंगळुरात येऊन मला सहा वर्षं झाली होती आणि 'थोडं'ऐवजी इथलं 'स्वल्प' माझ्याही तोंडी बसलं होतं. हणमंतरावांचं घराणं मात्र इथलंच. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांची मराठी मला आधी परकी वाटायची. नंतर ती मला आमच्या साताऱ्याच्या मराठीपेक्षा मऊ वाटायला लागली.

ते आमच्याकडे आले त्याचं कारण आमचं स्वयंपाकघर. आठ फूट बाय सात फूट. जमिनीवर चूल, एक लहान खिडकी, धूर कोंडलेला. धाकटीच्या वेळेपासून माझे गुडघे धरले होते. बसलं की उठवत नसे, उठलं की बसवत नसे. यांच्या कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात उभ्यानं रांधायचा ओटा होता, तो बघून आले आणि म्हणाले, "आपणही नव्या पद्धतीचं करू. पण सिमेंटचं चकचकीत नको. दगड, लाकूड, खाली लाल कावेची जमीन." मला एवढंच हवं होतं की खिडकी मोठी व्हावी आणि देवाचा कोनाडा आहे तिथंच पूर्वेकडं राहावा.

शेजारच्या नयनाबाईंना कळलं तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "उभ्यानं स्वयंपाक? म्हणजे लग्नघरचा आचारीच की! उद्या कानाला विडी लावशील." मी हसले, पण मनात खटकलं. बसून, पदर खोचून केलेला नैवेद्य आणि उभ्यानं केलेला नैवेद्य देवाला सारखाच पोचतो का, हे मी दोन दिवस स्वतःलाच विचारत होते. मग म्हटलं, देवाला गुडघे माहीत आहेत.

हणमंतराव पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खोली नाही मापली. आधी मला भिंतीशी उभं केलं.

"अक्का, पाठ भिंतीला लावा. चप्पल काढा. आता पळी हलवताना धरता तसा हात धरा."

मी हात धरला. ते वाकून माझ्या पायांकडे बघत होते.

"टाचा टेकवा."

"टेकल्यात की."

"नाही. उजवी उचललीय. टेकवा."

मी टाच टेकवली. त्यांनी खिशातून कोळसा काढून माझ्या हातात दिला. "कोपराच्या टोकाशी रेघ तुमची तुम्हीच ओढा. मी हात लावणार नाही, सूतही लावणार नाही. आमच्यात जित्या माणसाला सूत लावत नाहीत. तिरडी बांधायची असली तरच लावतात."

मी रेघ ओढून बाजूला झाले. मग त्यांनी सूत काढलं आणि भिंत मापली. रेघेच्या खाली आपली वीत ठेवली आणि तिथं खूण केली. "कोपराखाली एक वीत. शेगडी वर ठेवली की भांड्याचं तोंड तुमच्या हाताखाली येईल."

"एवढं कशाला?" मी म्हटलं. "बंगल्यातला ओटा छत्तीस इंच आहे म्हणे. तोच करा की."

"तो त्या बंगल्यातल्या बाईचा आहे," एवढंच बोलून ते निघून गेले. मला वाटलं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. संध्याकाळी यांना मी त्यांची नक्कल करून दाखवली. "टाचा टेकवा, टाचा टेकवा." दोघं हसलो.

तर त्या दिवशी गाडीमागं चालताना मी सहज बोलून गेले, "हणमंतराव, लोकांच्या घरी एवढं करता. तुमच्या घरचा ओटा तर राजवाड्यातल्यासारखा असेल."

पुढं खड्डाही नव्हता, तरी ते गाडीपाशी गेले आणि दगडाला हात लावून चालत राहिले. बराच वेळ तसेच. मला कळलं की आपलं काहीतरी चुकलं आहे, पण काय ते कळेना.

लालबागच्या भिंतीशी सावलीत गाडीवानानं बैल सोडले. हणमंतराव जमिनीवर बसले, मी एका दगडावर. त्यांनी पागोट्याचा शेव सोडून तोंड पुसलं.

"आमच्या घरी ओटा आहे, अक्का. चार वर्षं त्या खोलीला कुलूप आहे. मी आणि जयसिंग पडवीत स्टोव्हवर करून खातो."

जयसिंग म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, लेथवर काम करायचा.

"वैशाखात त्याचं लग्न आहे. आनेकलची मुलगी आहे, चंपा. तिची आई म्हणाली, आमची मुलगी पडवीत चूल मांडणार नाही. घरात आल्या दिवशी तिच्या हाताला स्वयंपाकघर पाहिजे. खरं आहे तिचं. वैशाखाच्या आत ते दार उघडलं पाहिजे, नाहीतर लग्न मोडेल. आणि दार उघडलं तर तिला त्या ओट्यापाशी उभं करावं लागेल." ते थांबले. "ते मी करणार नाही."

मग त्यांनी सकवारबाईंची गोष्ट सांगितली. सकवारबाई म्हणजे त्यांची बायको. मी सगळं त्यांच्याच शब्दांत सांगू शकणार नाही, कारण ते मधेमधे गप्प होत होते आणि मी दुसरीकडे बघत होते.

कँटोनमेंटात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात हणमंतरावांनी पूर्वी काम केलं होतं. तिथं त्यांनी पहिल्यांदा उभ्यानं रांधायचा ओटा बघितला आणि स्वतः बांधलाही. घरी येऊन सांगितलं. सकवारबाई म्हणाल्या, "मला पण तसाच पाहिजे." त्यांचेही गुडघे दुखत. आयुष्यात त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट. हणमंतरावांनी सादरहळ्ळीच्या खाणीतून राखी दगड आणला, रात्रंदिवस घासून आरशासारखा केला, खाली दगडी पाय, वर फणसाच्या लाकडाची फळी. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. सकवारबाईंनी प्रत्येकीला गूळ-पाणी दिलं.

"उंची बंगल्यातलीच धरली होती," हणमंतराव म्हणाले. "छत्तीस इंच. त्या बाईसाहेब माझ्याहून उंच होत्या. सकवार माझ्या खांद्याला लागत नव्हती. पण जित्या माणसाला सूत लावायचं नाही ना. नजरेनं तरी बघायचं. तेही बघितलं नाही. दगड इतका सुंदर आला होता की मी दगडाकडेच बघत राहिलो."

"त्या काही बोलल्या नाहीत?"

"कशी बोलेल? गल्लीभर सांगत होती, माझ्या मालकांनी बांधला म्हणून."

त्या पाटावर उभ्या राहून रांधायच्या. देवापुढं बसायचा जुना पाट, त्याचा एक पाय झिजलेला. हे हणमंतरावांना ठाऊकच नव्हतं. ते घरी यायच्या वेळेला स्वयंपाक झालेला असे आणि पाट ओट्याखाली सरकवलेला असे. दीड वर्ष असं चाललं. एक दिवस भाताची पेज गाळताना पाट कलला.

"आस्पत्रीत अकरा दिवस होती. तेव्हा पाटाचं कळलं. मी विचारलं, का सांगितलं नाहीस? तर म्हणते, स्वल्पच उंच झाला होता, सवय होत होती."

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. गाडीवान त्यांना पाणी दाखवून आणत होता.

"तिचं माप मी एकदाच घेतलं, अक्का. तिरडीला. तिरडी बांधणारा घेत होता, मी त्याच्या हातातलं सूत काढून घेतलं, तिच्या कोपराशी गाठ मारली. घरी येऊन ते सूत ओट्याला लावलं. ओटा तिच्या कोपराच्याही वर दोन बोटं होता."

ते सूत त्यांनी चितेवर टाकलं नव्हतं. कुठं ठेवलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"मग फोडून टाका तो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कर्कश वाटला. "खाली चूल मांडा. सगळ्या बायका खालीच रांधतात."

"ओटा मागितला तो तिनं चुकीचा नाही मागितला. माप माझं चुकलं." ते उठले. "चला. दगड उन्हात तापला की गाडीच्या धक्क्यानं तडकतो."

उरलेल्या वाटेत मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. ती मध्येच तुटत होती आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. माझी ती नक्कल आठवून कानशिलं तापली होती.

ओट्याचं काम पुढं पंधरा दिवस चाललं. हणमंतराव पूर्वीसारखेच वागत होते. कावेच्या जमिनीवर खोबरेल चोळून घेताना त्यांनी मला रागावलंसुद्धा, "अक्का, ओल्यावर पाय ठेवलात तर तो ठसा तुमच्या नातवंडांना दिसेल!" खिडकी मोठी झाली. फळ्या फणसाच्या बसवल्या, पिवळ्याधमक. देवाचा कोनाडा जिथल्या तिथं राहिला. कडप्पा बसवला त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा उभं केलं, पायांकडे बघितलं आणि मान हलवली. "सरी, बरोबर आलं."

पहिल्या दिवशी मी ओट्याला हळदकुंकू लावलं, अन्नपूर्णेपुढं दिवा लावला आणि पुरण घातलं. उभ्यानं. हात भांड्यावर असा पडत होता की जणू कुणी माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती. गुडघे दुखले नाहीत. पुरण ढवळताना मला रडायला आलं. नयनाबाई येऊन बघून गेल्या, ओट्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "तो म्हातारा मोकळा आहे का गं?"

हणमंतरावांना जेवायला बोलावलं होतं. ते स्वयंपाकघरात आले नाहीत. मागल्या पायरीवर बसले. मी तिथंच ताट नेलं. दोन पोळ्या खाल्ल्या, ताटात हात धुतला, आणि तरी उठेनात. मी उंबऱ्याशी उभी होते.

"अक्का, एक मागू का?"

"मागा की."

"चंपाचं माप पाहिजे." ते अंगणाकडे बघत बोलत होते. "मी सासरा, तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवता येत नाही. जयसिंग एकदाच बघून आला, तीही बसलेली, खाली मान घातलेली. आमच्या भावकीतल्या बायकांना सांगावं, तर आनेकलभर होईल की हणमंता सुनेचीही तिरडी मापतोय. तो शब्द त्या मुलीच्या कानावर जायला नको."

"मी काय करू?"

"तुम्ही जा. बसनं दीड तास. मी मुलाकडच्यांच्या ओळखीची, मुलीला भेटायला आले, असं सांगा. पाणी प्यायच्या निमित्तानं आत जा. तिच्या शेजारी उभ्या राहा, बोलत राहा. काही मापू नका. नुसतं बघा, ती उभ्यानं पाणी देईल तेव्हा तिचं कोपर तुमच्या कोपराच्या किती खाली येतं. दोन बोटं की चार बोटं. तुमची रेघ माझ्याजवळ आहे, पुढचं मी करतो. तेवढं कळलं की मी ते कुलूप काढतो आणि माझ्या हातानं तो दगड उतरवतो."

मी हो म्हणायच्या आत ते उठून चपला घालत होते. फाटकाशी पोचून ते परत वळले.

"आणि अक्का, तिच्या पायांकडे बघा. टाचा टेकलेल्या असतील तेव्हाच बघा."