गरम कुंडातली पैज

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. सांगता सांगता मलाच दम लागतो. निवृत्त कारकून मी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, आता जगावर मारतो. त्यात जगभरच्या तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास नुकताच वाचून संपवलेला. अशा माणसापासून लांब राहावं. आमच्या निजामपुऱ्यातले लोक राहतातही.

फक्त हसनभाई राहत नाहीत. पूर्वी त्यांचे कापड विणायचे लूम कुरकुरायचे, आता गुडघे. त्या गुडघ्यांसाठीच आम्ही अकलोलीच्या गरम कुंडात जाऊन बसलो.

मी म्हटलं, "हसनभाई, ग्रीक, चिनी, आपण, सगळ्यांनी आपापल्या जागी विचार केला. कुणी कुणाचं उचललं नाही."

"छोडो भाऊ! सूत एकाचं, लूम दुसऱ्याचा, कापडावर शिक्का तिसऱ्याचा. ग्रीकांची पुस्तकं अरबांनी सांभाळली, मग युरोपला मिळाली. विचार पण असाच फिरतो."

झालं! पैज लागली. कुंडातून आधी बाहेर पडेल तो हरला. त्यानं रविवारी कट्ट्यावर सगळ्यांसमोर कबूल करायचं. आणि आमच्या कट्ट्यावर एकदा हरलेला माणूस मेल्यावरही हरलेलाच राहतो!

मी ग्रीसपासून सुरुवात केली. उपनिषदं झाली. हसनभाई लालबुंद, नुसतेच गुडघा चोळत बसलेले. पटत नाही वाटतं! मी इजिप्त काढलं.

"मान्य, भाऊ," ते पुटपुटले.

"मान्य? मग निघा बाहेर!"

"निघतो ना… पण जरा हात…"

निघतायत कुठे? तोंडानं मान्य आणि बूड पाण्यात! असली लबाडी ऑफिसात उभी हयात पाहिली आहे मी. सरळ चीनमध्ये शिरलो. डोकं भणभणलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी चीन सोडला नाही. शेवटी पायच लटपटले, तेव्हा काठ धरून कसाबसा बाहेर आलो आणि फरशीवर आडवा झालो.

"हरलो, हसनभाई! पण एवढा वेळ तुम्ही सहन कसं केलंत?"

"कसलं सहन? गुडघा धरलाय माझा! मान्य करून कधीचा 'हात द्या' म्हणतोय. तुम्ही चीनमधून परत येताय कुठे?"

शेवटी कुंडावरच्या चौघांनी मिळून त्यांना उचलून काढलं. मला कुणी विचारलंही नाही.

म्हणजे जिंकलेली पैज मी स्वतः बाहेर येऊन हरलो. रविवारी कट्ट्यावर उभं राहून कबूल केलं: हसनभाईंचं खरं. विचार डोंगर, समुद्र, वाळवंट ओलांडून देशोदेशी पोचतो.

फक्त पलीकडे, हातभर अंतरावर, मी बसलेला नसावा.