विहिरीतलं पदक

नौदलात मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली साडेतीन जपान्यांच्या कैदेत गेली. सुटून महाळुंग्याला घरी आलो, तेव्हा आईनं मला ओळखलं नाही. "कोण पायजे?" म्हणून तिनं दारातच विचारलं.

कैदेतला मार, उपास हळूहळू विसरलो. एक गोष्ट मात्र अंगात राहिली. आम्हा कैद्यांना एका मालवाहू जहाजाच्या तळात कोंबून दुसऱ्या बेटावर नेलं होतं. वरची झाकणं लावली की काळोख, घाम आणि शेजारच्याचा श्वास. सात दिवस. माझ्या शेजारचा तिसऱ्या दिवशी गेला, तरी माझ्या खांद्याला टेकूनच होता. सरकायला जागाच नव्हती.

पुढे मी अधिकारी झालो. बंदरात बुडणाऱ्या एका खलाशाला वाचवलं म्हणून पदक मिळालं. पण कोंडलेली जागा मला सोसत नसे. हे फक्त बायकोला माहीत होतं.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या सुमारास उन्हाळ्यात मी रजेवर गावी आलो होतो. शेजारच्या मळ्यात विहीर खोल करायचं काम चाललं होतं. भर दुपारी धाडकन आवाज झाला. विहिरीची एक बाजू ढासळली आणि खोदणारा गडी खाली कमरेपर्यंत दगडमातीत गाडला गेला.

काठावर जमलेली माणसं माझ्याकडे बघू लागली.

"सायब हायेत की! सरकारनं बिल्ला दिलाय त्यास्नी," कुणीतरी म्हणालं.

बायको गर्दीत होती. तिनं मानेनं नको म्हटलं. पण आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? मी कमरेला दोर बांधला.

निम्म्यावर गेलो आणि दोर आवळून तिथंच लटकून राहिलो. वर ताटाएवढं आभाळ, चहूकडून ओला मुरूम. श्वास पुरेना. 'वर घ्या' म्हणून ओरडणारच होतो.

"सायब," खालून तो गडी म्हणाला, "भ्या वाटतंय व्हय?"

"हो." हा शब्द मी आजवर कुणापुढे उच्चारला नव्हता.

"मलाबी वाटतंय. वर बघू नगा. माझ्यासंगं बोला. आगबोटीवर जेवाया काय असतं?"

मी डाळ, भात, मासे सांगत सांगत उतरलो. पाय टेकले, तेव्हा तो विचारत होता, "मासं ताजं असत्यात का?"

दोन तास मी हातांनी दगड उपसले. मध्येच त्याची शुद्ध जाऊ लागली, तेव्हा त्याला जागं ठेवायला मी बोलत राहिलो. जहाजाच्या तळातले सातही दिवस त्याला सांगितले. बायकोलाही इतकं सांगितलं नव्हतं.

आधी त्याला वर ओढलं. दोर परत खाली येईपर्यंत मी तळाशी एकटा होतो. भिंतीतून खडे सुटत होते. तेवढी दहा मिनिटं मला अजूनही संपल्यासारखी वाटत नाहीत.

वर्षभरानं दुसरं पदक आलं. तो गडी चिंचवड स्टेशनाजवळ एका वखारीवर राखणीला बसत असे, एक पाय कायमचा अधू. पदक त्याच्या हातात देऊन मी म्हणालो, "हे निम्मं तुझं आहे."

त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "ठेवा तुमीच. माझ्या पायाला काय उपेग ह्याचा?"

बोलण्यात राग नव्हता. मी पदक खिशात घालून उभाच राहिलो. त्यानंच सरकून फळीवर जागा केली, समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले आणि दुखरा पाय लांब करून, यंदा विहिरींना पाणी कसं लागलंय ते सांगत बसला.