दोन कॅन पाणी

शिक्रापूरच्या आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे आणि तो सांभाळणारे एक मामा आहेत. काहीही विचारा, आधी हात पँटला पुसणार, मग म्हणणार, "चालूच हाय की."

प्लांट बंद असतो. नव्या नियमाप्रमाणे शुद्ध केलेलं पाणी बागेला वापरायचं, तशी हिरवी पाटीही लावली आहे. बाग मात्र टँकरवर जगते. तपासणीची गाडी गेटवर दिसली की मामा मशीन सुरू करतात. गाडी गेली की चेअरमन गॅलरीतून हात हलवतात आणि मामा मशीनचं बटण बंद करतात. सोसायटीचं वीजबिल वाचतं. घाण मागच्या ओढ्यात जाते.

संध्याकाळी मामा सोसायटीच्या पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवर दोन कॅन भरून घरी न्यायला मोटारसायकलला बांधतात. एकदा मी विचारलं, "मामा, तुमच्याकडं विहीर आहे ना?"

त्यांनी हात पँटला पुसले. "हाय की. ह्याच ओढ्याच्या कडंला, खाली. आता जनावरं बी तोंड लावत न्हाईत."

"मग प्लांट बंद कशाला करता?"

"न्हाई केला तर उद्या दुसरा माणूस ठेवतील," दोरीची गाठ आवळत ते म्हणाले. "मंग हे कॅन मला कोण भरू दील?"