हिवाळ्याच्या पायाचं बोट

इटलीतल्या आमच्या कारारा गावच्या डोंगरावर बर्फ नसला तरी डोंगर पांढराच असतो. तो कापलेल्या संगमरवराचा पांढरेपणा. परके लोक त्याला फसतात. माझी झेलिंदा आत्या कशालाच फसत नसे. दूध ती दोनदा हुंगायची. पाद्र्याने आशीर्वाद दिला, तर "आज कशाबद्दल?" म्हणून विचारायची.

तिचा नवरा उबाल्दो पुतळ्यांच्या कारखान्यात कोरक्या होता. रोमच्या शिल्पकाराकडून नमुना यायचा आणि हा तो दगडात उतरवायचा. एकदा तो पाव आणि खारवलेली चरबी घरीच विसरला, म्हणून आत्या प्रथमच कारखान्यात शिरली.

आत एक पांढरी पोरगी शेगडीशी बसली होती. शाल डोक्यावरून घट्ट ओढलेली, पाय मात्र उघडे.

"ही कोण?"

"हिवाळा," उबाल्दो म्हणाला. "ऋतूंच्या पुतळ्यांतली."

"एवढी थंडी वाजते, तर मोजे का नाही घातले?" आत्या खाली वाकली आणि तशीच थबकली. त्या पायाच्या अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब होतं. धुणं धुताना बायका ज्या बोटावरून कोळसेवाल्याच्या विधवेला, डेल्फीनाला, चिडवायच्या, तेच हे बोट!

आत्या घरी आली. तिने गाठोडं बांधलं, माहेरी जायला. पण आधी ते काखेत मारून ओढ्यावर गेली.

"डेल्फीना, माझ्या नवऱ्याला पाय दाखवलास?"

"दाखवायला माझा पाय काय मिरवणुकीतला देव आहे? चल, त्याच्यासमोरच विचार!"

दोघी कारखान्यात आल्या. डेल्फीनाने लाकडी खडाव काढून ओला पाय संगमरवरी पायाशेजारी ठेवला. बोटाला बोट जुळलं. ठोकाठोक थांबली. डेल्फीनाच पांढरी पडली.

"बघ!" आत्या म्हणाली. "आता बोल."

उबाल्दोने छिन्नी खाली ठेवली. त्याने मागच्या भिंतीवरचं फडकं ओढलं. तिथे जुन्या पुतळ्यांवरून घेतलेले प्लास्टरचे पाय टांगलेले होते. देवांचे, मल्लांचे, म्हाताऱ्यांचे. प्रत्येकाचं दुसरं बोट लांब.

"जुन्या लोकांना असाच पाय सुंदर वाटायचा," तो म्हणाला. "आम्ही अजून तोच कोरतो."

"म्हणजे माझा पाय देवांचा!" डेल्फीना खिदळली. "आता चिडवा गं!"

आत्या हसली नाही. प्रत्येक पाय तिने हात लावून पाहिला. मग म्हणाली, "आणि माझा पाय रे? तो सुंदर नाही?"

"तुझा पाय घरात असला की बरं," उबाल्दो हळूच म्हणाला. "तेवढं गाठोडं सोड."

तिने सोडलं. पण पेटीत बंद केलेल्या हिवाळ्याला बैलगाडीने बंदराकडे नेलं, तेव्हा आत्या मागोमाग चालत गेली. पेटी जहाजात चढली, शीड लांब जाऊन दिसेनासं झालं, तोवर ती धक्क्यावरच उभी होती.

"अगं, तो दगड आहे," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून काय झालं?" आत्या म्हणाली. "बसलेली होती, उठून परत यायला किती वेळ लागतो?"