ओहोटीत चालत गेलेली आई

बाबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात मी आईला नाशिकहून दोह्याला घेऊन आलो. बायको, मुलगी आणि मी तेव्हा दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मेसईदच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघायचो. पहाटे कंपनीची बस घेऊन जायची, दिवेलागणीला परत सोडायची. तोवर आई खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे एसी बघत असायची. सून तिला कामाला हात लावू देत नव्हती आणि मी आल्या आल्या तिचा रक्तदाब तपासायचो.

तेव्हा माझ्याकडे बोट होती. माझ्या एकट्याची नव्हे. कारखान्यातला एक मल्याळी सहकारी आणि मी, दोघांनी मिळून देश सोडून चाललेल्या एका इंग्रजाकडून ती घेतली होती. छोटीशी, फायबरची, मागे इंजिन टांगलेलं. बोट म्हटली की लोकांना मजा आठवते, मला मीठ आठवतं. प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं, नाहीतर आतून गंज धरतो. तळाला शिंपले चिकटतात, ते खाली उताणं पडून खरवडायचे. सहकारी ही कामं शीळ घालत करायचा. मी करायचो तेव्हा पुढे काय बिघडणार याची यादी डोक्यात चालू असायची. "मग घेतलीत कशाला?" असं बायको विचारायची. पान्हा घेऊन दुरुस्त करता येईल अशी काळजी बहुधा मला बरी वाटत असावी.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आई नुसती बघायला म्हणून धक्क्यावर आली. मी तासभर इंजिन धूत होतो. शेवटी ती म्हणाली, "ही चालते का रे, की नुसती धुवायचीच असते?"

पुढच्या शुक्रवारी तिला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सलवार-कमीज घातली, सुनेची, आणि वर माझी टोपी. मला वाटलं होतं तिला मळमळेल, चक्कर येईल. तसलं काही झालं नाही. ती पुढे जाऊन बसली आणि तोंडावर पाणी उडालं की हसायची. बाबा गेल्यापासून तिला हसताना मी बघितलंच नव्हतं. त्यानंतर दर गुरुवारी रात्री ती विचारायची, "उद्या जायचं ना?"

जवळची बेटं बघून झाली तेव्हा उत्तरेला, अल खोरच्या बाजूला, तिवरांच्या पलीकडे एक सपाट बेट आहे तिकडे जायचं ठरलं. सहकाऱ्याला कारखान्यात शटडाऊनची ड्यूटी लागली होती. त्याच्याशिवाय इतक्या लांब मी कधी गेलो नव्हतो. बाहेर पडताना तटरक्षकाच्या चौकीवर आमच्या बताका, म्हणजे रेसिडेन्सी कार्डं, तपासली. आईचा पासपोर्ट उघडून त्या शिपायाने तिच्याकडे बघितलं. "मामा?" मी मान हलवली. "यल्ला, गो," म्हणत त्याने हात केला. आईनेही त्याला हात केला.

पोचलो तेव्हा ओहोटी पूर्ण लागलेली. पाणी इतकं उथळ की इंजिनाच्या पंख्याने खालची वाळू ढवळली. या इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत राहते. ती पडतेय तोवर इंजिन थंड आहे असं समजायचं. नांगर टाकताना मी बघितलं, धार थेंबाथेंबावर आली होती.

जेवण मला गेलं नाही. वाळूवर चादर टाकून बाकीच्यांनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून इंजिन वर उचललं, पाणी आत घेणारी जाळी सोडवली आणि तारेने वाळू काढायला लागलो. मोबाइलला रेंज नव्हती. इथे इंजिन बंद पडलं तर रात्र इथेच, पाणी दोन कॅन, आईच्या गोळ्या घरी. एवढंच डोक्यात फिरत होतं.

"आई कुठेयत?" बायकोने किनाऱ्यावरून विचारलं.

"तुझ्याबरोबर आहे ना?"

"मला वाटलं, तुमच्याजवळ बोटीत बसल्यात."

बेटावर लपायला जागाच नव्हती. गुडघ्याएवढी झुडपं, बाकी वाळू. आम्ही दोघं दोन दिशांना हाका मारत धावलो. वाऱ्याने हाका मागे यायच्या. शेवटी बोटीवर चढून बघणारी मुलगीच ओरडली, "बाबा, आजी इज ओव्हर देअर! द अदर साइड!"

बेटाच्या टोकापासून पुढे वाळूचा एक पट्टा गेला होता. आम्ही आलो तेव्हा तो उघडा होता, आई त्यावरून चालत पलीकडच्या उंचवट्यावर गेली होती. आता भरती सुरू झाली होती आणि मधला भाग पाण्याखाली गेला होता. उन्हाच्या झळांत ती हवेत तरंगल्यासारखी दिसत होती. आमच्याकडे तिची पाठ होती.

"तुम्ही इंजिन लावा, मी जाते," असं म्हणून बायकोने अंगात लाइफ जॅकेट चढवलं, दुसरं हातात घेतलं आणि निघाली.

मी घाईघाईने जाळीचे स्क्रू लावायला लागलो. एक स्क्रू निसटून पाण्यात पडला. तो शोधायचा विचारही केला नाही. मुलगी बोटीवरून सांगत होती, तिची आई कुठवर पोचली, पाणी कुठवर आलं. मग म्हणाली, "शी स्टॉप्ड, बाबा." मी वळून बघितलं. बायको छातीएवढ्या पाण्यात उभी होती, एका बाजूला ओढली जात होती. तिला पोहायला येत नव्हतं. मला येत होतं, ते स्विमिंग पूलमधलं.

आणि तेवढ्यात आईचा आवाज आला. तिने वळून बघितलं असावं. "येऊ नकोस गं! मागे फीर! मी इथे ठीक आहे!" शाळेत शिकवायची तेव्हा पोरांना दरडावायची तसा आवाज. बायको मागे फिरली. ती गुडघाभर पाण्यात येईपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिलो.

इंजिन सुरू केलं. धार बारीक होती, पण पडत होती. बायकोला बोटीत घेतलं आणि उंचवट्याला लांबून वळसा घातला. पलीकडे पाणी उथळ होतं, म्हणून शेवटचा टप्पा इंजिन उचलून वल्ह्याने रेटत गेलो. आई टोपी हातात घेऊन उभी होती. शिडीवरून चढताना तिचे डोळे दिसले, सुजून लाल झालेले. मला वाटलं, घाबरून रडली.

मग मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. "तुला कळत नाही का, इथे कुणी नाही, काही झालं असतं तर..." मी ओरडतच राहिलो. मुलगी कोपऱ्यात अंग चोरून बसली. परतीच्या वाटेवर मागे वळून धार बघायची, पुढे बघायचं, पुन्हा मागे. धार एकदा थांबली, तेव्हा इंजिन बंद करून दहा मिनिटं लाटांवर हेलकावे खात बसलो, मग पुन्हा सुरू केलं. सूर्य कलताना धक्का दिसला.

घरी आल्यावर बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्या घाबरून रडल्या नव्हत्या. मी पाण्यात थांबले होते ना, तेव्हा वारा तिकडून येत होता. त्या मोठ्याने रडत होत्या. बाबांना हाका मारत होत्या."

मी आईजवळ जाऊन बसलो. तीच म्हणाली, "नाशिकला माणसांचा राबता. इथे भिंती एवढ्याशा, पोर शेजारी झोपते. कुठे रडायचं रे? तिकडे गेले, बघितलं, कुणी नाही. पाण्याकडे लक्षच राहिलं नाही. चुकलंच माझं." मग म्हणाली, "पण आता मोकळं वाटतंय."

दोन आठवडे बोट काढली नाही. मी जाळीला नवा स्क्रू बसवला, पंप उघडून साफ केला, भरती-ओहोटीच्या वेळा आणल्या. आई विचारायची नाही, पण गुरुवारी रात्री टोपी हॉलमध्ये खुर्चीवर काढून ठेवायची.

तिसऱ्या शुक्रवारी गेलो, सहकाऱ्याला बरोबर घेऊन, जवळच्याच बेटावर. भरती उतरायला लागलेली होती, म्हणजे वेळ होता. आई चपला हातात घेऊन किनाऱ्याने चालायला लागली. सहकारी म्हणाला, "तुम भी जाओ साथ में." मी नको म्हटलं. ती लहान लहान होत गेली. मी हाक मारली नाही. इंजिनाचं झाकण काढलं आणि काही बिघडलेलं नसताना आत बघत बसलो.